पोट साफ होत नाही? घरचे उपाय नेमके कुठे काम करतात

मोठं आतडं दिवसभर सारख्याच जोमाने काम करत नाही. रात्री ते जवळजवळ निपचित असतं. सकाळी जाग आली की हलायला लागतं आणि पोटात पहिलं काही गेलं की पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो. आता ठाणे स्टेशनचे सकाळचे फलाट डोळ्यांपुढे आणा. डोंबिवलीहून येऊन ऐरोली-घणसोलीची ट्रान्स-हार्बर पकडणारे, घोडबंदर रोडवरून टीएमटीच्या बसमध्ये उभ्याने आलेले, सीएसएमटीची फास्ट लोकल गाठायला जिना उतरणारे. यातल्या बहुतेकांनी घाईघाईत चहा-बिस्किट पोटात ढकलून नुकतंच घर सोडलेलं असतं. म्हणजे आतड्याची कामाची वेळ आणि यांची प्रवासाची वेळ एकच. आतडं हाक मारतं, माणूस ती दाबतो, आणि रात्री परतताना केमिस्टकडून चूर्णाचा डबा घेऊन येतो.

चूर्ण, इसबगोल, एरंडेल, त्रिफळा, दूध-तूप, भिजवलेल्या मनुका, कोमट पाणी हे सगळं आपण ‘पोट साफ करणारं’ म्हणून एकाच फडताळात ठेवतो. काम मात्र प्रत्येकाचं वेगळं आहे. काही मळात पाणी धरून ठेवतात, काही आतड्याला जबरदस्तीने हलवतात, आणि एक-दोन तर मोठ्या आतड्यापर्यंत पोचतही नाहीत. आपलं कुठे अडतंय हे कळलं, तर यातलं काय घ्यायचं हे ठरवता येतं. ते न बघता घेतलेला उपाय चार दिवस चालतो आणि मग चालेनासा होतो.

रोज झालंच पाहिजे का?

नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढी मोठी पट्टी वैद्यकशास्त्र सर्वसाधारण मानतं. एक दिवस आड होणाऱ्या माणसाला काही त्रास नसेल तर त्याला बद्धकोष्ठ नाही. शेजारच्या काकांचं रोज पहाटे पाचला होतं म्हणून आपल्याला आजार आहे असं होत नाही.

कितीदा होतं यापेक्षा कसं होतं हे जास्त सांगून जातं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये मळाच्या आकाराचे सात प्रकार पाडले आणि ते कोष्टक आज जगभरचे डॉक्टर वापरतात. पहिला प्रकार सुट्या कडक गोळ्यांचा, दुसरा गाठाळ. हे दोन बद्धकोष्ठाचे. तिसरा आणि चौथा, म्हणजे लांबट, मऊ, सहज सरकणारा, हा चांगला. त्यापुढचे सैल होत होत सातवा निव्वळ पाण्यासारखा. रोज जाऊनही खडे होत असतील, कुंथावं लागत असेल, उठल्यावर ‘अजून राहिलंय’ वाटत असेल, तर रोज होऊनही ते बद्धकोष्ठच. हा लेख अशा अधूनमधून होणाऱ्या त्रासासाठी आहे. महिनोन्महिने चाललेल्या दुखण्याचं शेवटी बघू.

आत काय घडतं

लहान आतड्यातलं काम संपलं की रोज साधारण एक ते दीड लिटर पातळ रस मोठ्या आतड्यात येतो. तिथे त्यातलं पाणी आणि क्षार शोषून घेतले जातात आणि बाहेर पडणाऱ्या मळात जेमतेम शंभर-दीडशे मिलिलिटर पाणी उरतं. जितका जास्त वेळ माल आत राहील, तितकं जास्त पाणी शोषलं जाईल आणि तितका तो कडक होईल. बद्धकोष्ठाचं बरंचसं कोडं या एका वाक्यात सुटतं.

माल गुदाशयात उतरला की त्याची भिंत ताणली जाते आणि आपल्याला कळ येते. ती दाबली तर बाहेरचा स्नायू आवळला जातो, ताण थोड्या वेळाने ओसरतो आणि माल तिथेच, कधी थोडा मागे सरकून, पडून राहतो. पाणी शोषणं काही थांबत नाही. हे रोज करत गेलं तर गुदाशयाला त्या ताणाची सवय होते आणि पुढची कळ उशिरा, मंद येते. आयुर्वेदाने अडवू नयेत असे जे तेरा वेग सांगितले आहेत, त्यांत मळाचा वेग आहे तो उगीच नाही.

तर अडण्याच्या जागा मुख्यतः तीन. मळात तंतू आणि पाणी कमी पडणं, आतड्याची चाल मंद असणं, आणि दाराशी आल्यावर बाहेर न पडणं. आता फडताळातले डबे एकेक उघडू.

ताटातला हिशोब

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सुचवते. आपल्याकडे एक समज आहे की पोळी-भाजी खाणाऱ्याला तंतूंची कमतरता नसते. हिशोब मांडून बघा. सकाळी पोहे, दीड-दोन ग्रॅम. डब्यातल्या तीन पोळ्या, गिरणीतून दळून आणलेल्या कणकेच्या, म्हणून दहाच्या आसपास. भाजी तीन. चार वाजता ऑफिसखालचा वडापाव, त्यातला पाव मैद्याचा, म्हणून सगळं मिळून दोन-तीन. रात्री वरण-भात, चार. बेरीज वीस-एकवीस. जो माणूस डबा नेत नाही आणि महापे-रबाळ्याच्या कँटीनमध्ये फ्राइड राइसवर भागवतो, त्याचा आकडा बारा-तेराच्या पुढे जात नाही.

म्हणजे डबा नेणाऱ्याला खड्डा चार-पाच ग्रॅमचा आहे, आणि तो भरायला कुठल्याही पावडरीची गरज नाही. एक मध्यम पेरू साल-बियांसकट खाल्ला की सहा-सात ग्रॅम सहज मिळतात. वाटीभर मटकीची किंवा मुगाची उसळ चार-पाच ग्रॅम देते. रात्रीच्या भाताऐवजी ज्वारी-बाजरीची एक भाकरी घेतली तर तीन-चार ग्रॅम वाढतात, कारण १०० ग्रॅम ज्वारी-बाजरीच्या पिठात दहा-अकरा ग्रॅम तंतू असतात, तर पांढऱ्या तांदळात तीनही नसतात. पपईचं नाव पोटासाठी मोठं आहे, पण तंतूंमध्ये ती पेरूच्या बरीच मागे आहे. तिची खुबी मऊपणात आणि पाण्यात.

वाशीच्या एपीएमसी बाजारात आता किवी ढिगाने येते आणि समाजमाध्यमांवर तिचं कौतुकही चालू असतं. कौतुकात तथ्य आहे. रोज दोन किवी खाल्ल्याने बद्धकोष्ठ कमी होतं हे चाचण्यांत दिसलंय. सुक्या आलुबुखाराचंही तसंच. त्यात सॉर्बिटॉल नावाची साखर असते, ती नीट शोषली जात नाही आणि आतड्यात पाणी ओढून घेते. २०११ च्या एका अमेरिकी चाचणीत सुका आलुबुखार इसबगोलापेक्षा सरस ठरला होता. परवडत असेल तर जरूर खा. पण पेरूचा हंगाम असताना, जांभळी नाक्यावर तो टोपल्यांनी विकायला असताना, निव्वळ पोटासाठी परदेशी फळामागे जायची गरज मला वाटत नाही.

भिजवलेल्या काळ्या मनुका आणि सुकं अंजीर हा घरोघरीचा उपाय. तो खरा आहे. अंजिरात तंतू भरपूर, मनुकांत तंतूंच्या जोडीला टार्टारिक आम्ल असतं. रात्रभर भिजवल्याने त्यांत काही नवीन गुण उतरत नाही. ते मऊ होतात, पाणी पितात, चावायला सोपे जातात, एवढंच. भिजवलेलं पाणी प्यायचं की टाकायचं यावर घरात वाद होत असतील तर प्या आणि मोकळे व्हा. पुरंदरचं ताजं अंजीर बाजारात दिसतं तेव्हा तर भिजवायचाही प्रश्न नाही. मधुमेह असेल तर मात्र सुक्या मेव्यातली साखर हिशोबात धरा.

एक सावधगिरी. आज वीस ग्रॅमवर असलेला माणूस उद्यापासून पस्तीसवर गेला तर पोट फुगतं, वात होतो, आणि आठवड्यात तो ‘मला भाकरी-उसळ सोसत नाही’ असं जाहीर करतो. तंतू दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावेत. आतड्यातल्या जिवाणूंनाही या बदलाला वेळ लागतो.

उपवासाचं इथेच सांगायला हवं, कारण श्रावणात आणि नवरात्रात हा त्रास वाढतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात तंतू नगण्य. खिचडी, वडे, बटाट्याचा कीस, वर चहा. ‘एकादशी दुप्पट खाशी’ म्हणतात तसं खाणं दुप्पट होतं आणि तंतू मात्र निम्म्याने घटतात. उपवास सोडायची गरज नाही. उकडलेलं रताळं, राजगिऱ्याची भाकरी किंवा थालीपीठ, खजूर, केळं, पेरू हे सगळं उपवासाला चालतं आणि पोटालाही.

इसबगोल: समजून घेतलं तर सगळ्यात भरवशाचं

एका ग्लासात पाणी घ्या, चमचाभर इसबगोल टाका, ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. पाण्याची बुळबुळीत लापशी झालेली दिसेल. आत हेच घडतं. इसबगोलाचा भुसा विरघळणाऱ्या तंतूंचा आहे, पण इतर तंतूंसारखा तो जिवाणूंकडून फारसा आंबवला जात नाही. म्हणून धरलेलं पाणी तो शेवटपर्यंत धरून ठेवतो. मोठं आतडं पाणी खेचू पाहतं आणि इसबगोल ते सोडत नाही. मळ मऊ राहतो, आकाराने वाढतो, आणि वाढलेल्या आकारामुळे आतड्याची भिंत ताणली जाऊन तिची चालही सुधारते.

याच गुणामुळे तो दोन्हीकडे चालतो. जुलाब होत असताना आजी दह्यातून देते आणि खडा झाला की गरम दुधातून. दही-दुधाची करामत त्यात फारशी नाही. भुसा तोच, पाणी धरण्याचं काम तेच. पातळ असेल तर ते घट्ट करतं, कडक असेल तर मऊ.

हा भुसा मुख्यतः उत्तर गुजरात आणि राजस्थानात पिकतो, उंझ्याच्या बाजारातून जगभर जातो. साधा, बिनसाखरेचा, बिनचवीचा घ्या. संत्र्याच्या चवीच्या पाकिटात साखर किंवा गोडवा देणारं दुसरं काहीतरी असतं. एक चमच्याने सुरुवात करा, नंतर दोनपर्यंत जा. दर वेळी मोठा पेला भरून पाणी, आणि ढवळल्या ढवळल्या प्यायचं. कोरडा भुसा तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिणं धोक्याचं आहे, कारण तो घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो. ज्यांना गिळायला त्रास होतो, ज्यांच्या आतड्यात कुठे अरुंदपणा आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. थायरॉइड, मधुमेह वगैरेंच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोनेक तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी त्या लापशीत अडकून नीट शोषली जात नाही.

‘रात्री घेतलं, सकाळी काहीच झालं नाही’ अशी तक्रार करणारे दुसऱ्या दिवशी डबा बाजूला ठेवतात. इसबगोलाला बारा तासांपासून तीन दिवसांपर्यंत वेळ लागतो. तो सकाळी ढकलून देणारा उपाय नव्हे. सकाळी ढकलून देणारा उपाय दुसऱ्याच डब्यात आहे.

चूर्णाच्या डब्यामागचं बारीक अक्षर

एका रात्रीत हमखास काम करणाऱ्या बहुतेक चूर्णांच्या घटकांत सनाय, सोनामुखी किंवा स्वर्णपत्री असं नाव सापडेल. ही तिन्ही एकाच वनस्पतीची नावं. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ हे शब्द डब्यावर मोठे असतात आणि हे नाव बारीक, म्हणून उलटून वाचा.

सोनामुखीतला औषधी घटक पोटात आणि लहान आतड्यात जसाच्या तसा राहतो. मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले जिवाणू त्याचं रूपांतर करतात, आणि ते रूप आतड्याच्या भिंतीला चेतवतं. आकुंचनं वाढतात, पाणी शोषणं कमी होतं, सहा ते बारा तासांत पोट रिकामं होतं. रात्री झोपताना घ्यायचा रिवाज त्यामुळेच. प्रवासानंतर किंवा दोन-तीन दिवस तुंबल्यावर एखाद्या वेळी घ्यायला हे चांगलं औषध आहे. आधुनिक वैद्यकातही त्याच्या गोळ्या आहेत. मुद्दा एवढाच की ते औषध आहे, आणि नैसर्गिक असणं म्हणजे सौम्य असणं नव्हे.

रोजच्या सवयीचा सापळा कसा लागतो तेही बघा. चूर्णाने एकदम सगळं आतडं रिकामं होतं. ते पुन्हा भरायला दोन दिवस लागणारच. मधल्या दिवशी काही झालं नाही की माणूस म्हणतो, ‘बघा, चूर्ण घेतलं नाही तर होतच नाही,’ आणि पुन्हा चमचा तोंडात. आतडं बिघडलेलं नसतं. त्यात बाहेर टाकायला काही नसतं. प्रमाणात घेतलेल्या सोनामुखीने आतडं कायमचं निकामी होतं हा जुना धाक आता तितकासा ग्राह्य धरला जात नाही. पण जास्त प्रमाणात, रोज घेतल्यास पोटात मुरडा येणं आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होणं हे खरे धोके आहेत. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तो धोका आणखी वाढतो. शिवाय कित्येक चूर्णांत सैंधव किंवा पादेलोण असतं, आणि रक्तदाबाच्या माणसाला मीठ या वाटेनेही नको असतं.

एरंडेल त्याहून आडदांड. त्यातलं रिसिनोलेइक आम्ल लहान आतड्यातच मोकळं होतं आणि दोन ते सहा तासांत आतडं ढवळून काढतं. आपल्या आधीच्या दोन पिढ्यांची बालपणं रविवारच्या एरंडेलाच्या आठवणींनी कडू झालेली आहेत. महिन्याला मुलांचं पोट ‘धुवायची’ ती पद्धत बंद झाली ते बरंच झालं. गरोदरपणात एरंडेल अजिबात नको, कारण त्याने गर्भाशयाची आकुंचनं सुरू होऊ शकतात.

त्रिफळा या दोघांच्या मानाने मवाळ. हिरडा, बेहडा, आवळा, त्यातला सारकपणा मुख्यतः हिरड्याचा. रात्री अर्धा-एक चमचा कोमट पाण्यातून, काही आठवडे. त्यावर झालेले अभ्यास छोटे आहेत, पण अनुभव जुना आहे, आणि सोनामुखीवाल्या चूर्णाची सवय सोडवायला मी आधी याचं नाव घेईन.

या डब्यांच्या जाहिरातींत ‘आतड्याला वर्षानुवर्षं चिकटलेला मळ’ हमखास दाखवतात. असं काही नसतं. आतड्याचं आतलं अस्तर दर काही दिवसांनी नवं होत राहतं, त्याच्यावर वर्षानुवर्षं चिकटून राहायला जागाच नाही. कोलोनोस्कोपीत आतडं बघणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला विचारा.

दूध-तूप, कोमट पाणी, चहा आणि मिश्री

रात्री कोमट दुधात चमचाभर तूप घालून प्यायल्याने आतड्याला वंगण मिळतं, ही समजूत फार पक्की आहे. पण तूप लहान आतड्यातच पचून शोषलं जातं. मोठ्या आतड्यापर्यंत वंगण म्हणून पोचण्याइतकं ते उरत नाही. तरी पुष्कळांना उपयोग होतो, आणि त्याची दोन कारणं संभवतात. स्निग्ध पदार्थ पोटात गेले की मोठ्या आतड्याला हलायचा इशारा जातो. आणि आपल्याकडे कितीतरी मोठ्या माणसांना दुधातली साखर पूर्ण पचत नाही. ती न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते. म्हणजे काहींच्या बाबतीत दूध सारक ठरतं ते न पचल्यामुळे! तुम्हाला लागू पडत असेल तर घ्या. पोट फुगत असेल तर समजा ते तुमच्यासाठी नाही.

सकाळचं कोमट पाणी जठर ताणून आतड्याला जागं करतं, तेवढ्यापुरतं ते चांगलं. पण नुसतं पाणी वाढवल्याने मळ मऊ होत नाही, जास्तीचं पाणी लघवीतून निघून जातं. पाणी टिकवायला तंतू लागतात, म्हणून दोन्ही बरोबर वाढवावेत. उलट बाजू मात्र खरी आहे: पाणी कमी पडलं तर मळ कडक होतोच. ठाण्या-नवी मुंबईच्या दमट हवेत एप्रिल-मे मध्ये घाम किती जातो ते वेगळं सांगायला नको. आणि प्रवासात स्वच्छतागृह धड मिळत नाही म्हणून कितीतरी बायका सकाळपासून घोटभर पाण्यावर राहतात. लघवीही दाबायची, शौचाची कळही दाबायची. त्यांना ‘पाणी भरपूर प्या’ असा सल्ला देणाऱ्याने आधी लेडीज डब्यातून कळव्यापासून एकदा उभ्याने जाऊन यावं.

चहाच्या घोटाने अनेकांना कळ येते. गरम पेय, सवय आणि थोडं कॅफीन यांचा तो एकत्र परिणाम. त्यात वावगं काही नाही. तंबाखूची चिमूट किंवा मिश्री लावल्याशिवाय होत नाही असं सांगणारे लोक मात्र आपल्या ओळखीत निघतातच. निकोटीन आतड्याला चेतवतं हे खरं आहे. पण पोटासाठी तोंडाच्या कर्करोगाची जोखीम घेणं हा कुठला व्यवहार? मिश्री सोडताना आठ-पंधरा दिवस पोट जड राहील हे गृहीत धरा आणि तेवढ्यापुरता इसबगोल हाताशी ठेवा.

दाराशी अडतं त्याचं काय

गुदाशयाभोवती एक स्नायू गळपट्ट्यासारखा असतो आणि एरवी तो गुदाशयाला पुढे ओढून धरतो, बागेतली पाण्याची नळी दुमडून धरावी तसा. उकिडवं बसलं की तो सैल पडतो आणि वाट बरीचशी सरळ होते. कमोडवर काटकोनात बसलं तर ती पूर्ण सरळ होत नाही, मग जोर लावावा लागतो. जुन्या चाळींतून आणि बैठ्या घरांतून घोडबंदर रोडच्या, खारघर-नेरूळच्या टॉवरमध्ये राहायला गेलेल्या कुटुंबांत जुन्या पद्धतीचा संडास उरलेलाच नाही. तो परत बसवायची गरज नाही. पायाखाली सहा ते नऊ इंच उंचीचा पाट किंवा प्लास्टिकचं छोटं स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या, थोडं पुढे झुका, कोपरं मांड्यांवर टेका. गुडघेदुखी असलेल्यांनाही हे जमतं. सगळ्या उपायांत हा सगळ्यात स्वस्त, आणि याचा उपयोग पहिल्याच दिवशी कळतो.

मोबाइल बाहेर ठेवा. पंधरा-वीस मिनिटं बसून राहिल्याने मूळव्याधीच्या शिरांवर ताण येतो. पाच-दहा मिनिटांत झालं नाही तर उठा. कुंथून काढलेल्या खड्याने चीर पडते, चिरेच्या दुखण्याच्या भीतीने माणूस पुढची कळ दाबतो, त्याने मळ आणखी कडक होतो आणि चीर पुन्हा उघडते. अशी चीर, म्हणजे फिशर, असलेला माणूस महिनोन्महिने याच चक्रात फिरत असतो.

आता पहिल्या प्रश्नाकडे, वेळेकडे. गजर वीस-पंचवीस मिनिटं आधी लावणं जमत असेल तर क्रम असा ठेवा: उठल्यावर आधी गरम पेय आणि बरोबर काहीतरी खाणं, केळं किंवा भिजवलेल्या मनुका का होईना, मग डबा भरणं, आवरणं, आणि त्यानंतर, कळ असो वा नसो, पाच-दहा मिनिटं निवांत बसणं. आपल्याकडे ‘आधी संडास, मग चहा, मग खाणं’ हा क्रम संस्कारासारखा रुजलेला आहे. ज्याला सहज होतं त्याने तो पाळावा. ज्याला होत नाही त्याने उलटा करून बघावा, कारण खाल्ल्यानेच आतड्याला इशारा जातो.

सहाची लोकल असेल तर हे शक्यच नाही, मान्य. मग सकाळचा हट्ट सोडा. जेवणानंतर आतडं हलतं ते प्रत्येक जेवणानंतर. सकाळी जोर जास्त असतो इतकंच. रात्रीच्या जेवणानंतर अर्ध्या तासाने रोज ठरावीक वेळी बसायची सवय लावली तर काही आठवड्यांत शरीर ती वेळ धरतं. ऐरोली-महाप्यात रात्रपाळी करणाऱ्यांनी झोपून उठल्यावरच्या पहिल्या जेवणानंतरची वेळ धरावी, घड्याळात तेव्हा काहीही वाजलेलं असो. फक्त पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर पोट रुळायला वेळ लागणार. चालण्याने आतड्याची चाल सुधारते. तलावपाळीला दोन फेऱ्या मारा किंवा सोसायटीच्या आवारात, पोटाला फरक पडत नाही.

घरचे उपाय कुठे थांबवायचे

कधी कधी कारण औषधांच्या डब्यात असतं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, कोडीनवालं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं, काही अँटासिड, नैराश्याच्या काही गोळ्या, वजन कमी करायची नवी इंजेक्शनं, या सगळ्यांनी मलावरोध होतो. गोळी परस्पर बंद करू नका. ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारा. थायरॉइड मंदावणं, मधुमेह, पार्किन्सन यांतही आतडं संथ होतं.

महिनाभर पेरू-उसळ, इसबगोल, पाट आणि ठरावीक वेळ हे सगळं करूनही फरक नसेल, बोट लावून मळ काढावा लागत असेल, तर बाहेर पडण्याच्या वेळी स्नायू सैल होण्याऐवजी आवळले जात असण्याची शक्यता असते. अशा माणसाला आणखी तंतू दिले तर पोट फक्त फुगतं. त्याला स्नायूंचं प्रशिक्षण लागतं आणि ते पोटविकारतज्ज्ञाच्या सल्ल्याने मिळतं.

अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांना काही दिवस कोंडून अचानक पातळ गळायला लागलं तर जुलाब समजून ते थांबवायचं औषध देऊ नका. आत खडा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूने पातळ मळ झिरपत असतो. डॉक्टरांना बोलवा. लहान मूल पाय आवळून, पंजांवर उभं राहून कळ दाबताना दिसलं तर त्याला आधी दुखलेलं असतं आणि ते त्याला घाबरतंय. चूर्ण किंवा एरंडेल न देता बालरोगतज्ज्ञांकडे न्या. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटासाठी मध चाटवायची पद्धत अजून काही घरांत आहे. तीही नको, मधातून एक गंभीर विषबाधा होऊ शकते.

मळातून रक्त जाणं किंवा मळ डांबरासारखा काळा होणं, कारण नसताना वजन उतरणं, तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघणं, पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर वर्षानुवर्षांची सवय अचानक बदलणं, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं, यांपैकी काही असेल तर घरचे उपाय बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. रक्त दिसलं की ‘मूळव्याधच असणार’ असं परस्पर ठरवून मलम लावत बसणं हा आपल्याकडचा सर्रास प्रकार आहे, आणि त्यात कर्करोगाचं निदान लांबू शकतं. पोट फुगून कडक झालं, उलट्या होतायत, वातही सरत नाही, तर आठवड्याचीही वाट बघायची नाही. त्याच रात्री इस्पितळात जायचं, आणि निघण्याआधी चूर्ण, एरंडेल, एनिमा यांतलं काहीही द्यायचं नाही. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घ्या, चूर्णाच्या डब्यासकट.